आण्णांचा स्कॅनर आणि रांगेतला चौथा नंबर

आण्णांचा शाहूपुरीत फोटो स्टुडिओ होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी तिथं शिरलं आणि चार दिवस राहिलं. निगेटिव्ह वाचल्या, कारण डार्करूम बंद केली तेव्हाच आण्णांनी त्यांचे पत्र्याचे डबे शिवाजी पेठेतल्या घरी माळ्यावर आणून ठेवले होते. २००० साली घेतलेला संगणक आणि स्कॅनरसुद्धा घरीच होता. गेलं ते काउंटरखालचं खोकं. त्यात स्कॅनरची सीडी होती. पाणी उतरल्यावर ती सापडली, पण चंदेरी थर केळ्याच्या सालीसारखा सुटून आला होता.

सहा वर्षं कुणी त्या वाटेला गेलं नाही. मग गेल्या मे महिन्यात आण्णांनी जेवताना विषय काढला. "कुस्तीच्या निगेटिव्ह तेवढ्या बघायच्यात एकदा. डोळे हाईत तोवर."

लॅबमध्ये विचारलं. चांगल्या प्रतीचं स्कॅन एका फ्रेमला ३० रुपये. आमच्या डब्यांत अंदाजे २२०० फ्रेम. म्हणजे ६६ हजार. आण्णा म्हणाले, "आपला स्कॅनर काय मेलाय व्हय?"

मेला नव्हता. दिवा लागत होता, आतली पट्टी पुढं-मागं सरकत होती. पण आमच्या पतसंस्थेत संगणक बंद पडला की सगळे माझ्याकडं बघतात तेवढ्यावर मला एक कळत होतं, की ड्रायव्हरशिवाय, म्हणजे संगणकाला स्कॅनर चालवायला शिकवणाऱ्या त्या सीडीवरच्या प्रोग्रॅमशिवाय, तो नुसता दिव्याचा डबा आहे. त्याची जोडणी जुन्या प्रिंटर पोर्टची, २५ पिनांची. नव्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं. यूएसबी ते पॅरलल अशी केबल दुकानात मिळते, ती मी ४५० रुपये घालून आणलीसुद्धा. ती फक्त प्रिंटरला चालते, स्कॅनरला नाही. कुणाच्या घरी असाच डबा असेल तर ते साडेचारशे वाचवा. म्हणजे जुना संगणक, त्यातलं विंडोज ९८ आणि त्याच काळचा ड्रायव्हर, एवढाच रस्ता.

कंपनीच्या संकेतस्थळावरून ते मॉडेल कधीच काढून टाकलेलं. 'मोफत ड्रायव्हर' म्हणणाऱ्या साइट आधी स्वतःचंच काहीतरी बसवायला लावतात. दोन बसवली, दोन्ही काढताना घाम फुटला. शेवटी पुण्याच्या भाच्याचा निरोप आला, "मावशी, जुन्या संगणकवाल्यांचा एक चॅनेल आहे आयआरसीवर. तिथं बॉट आहे. त्याच्याकडं असणार." सोबत नेटवर्कचं आणि चॅनेलचं नाव.

आयआरसी म्हणजे इंटरनेटवर टाइप करून गप्पा मारायची जुनी पद्धत, आणि चॅनेल म्हणजे त्यातली गप्पांची एक खोली. ते नाव वाचून मला हसूच आलं. कॉलेजात असताना, २००१ च्या सुमारास, राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत आम्ही मैत्रिणी तासाचे पैसे वाटून घेऊन हेच करायला जायचो. एमआयआरसी हा त्याचा प्रोग्रॅम उघडायचा आणि कुणीतरी 'एएसएल' विचारायचं, म्हणजे वय, लिंग, गाव. आम्ही प्रत्येक वेळी वेगळं गाव सांगायचो. त्यातून फाइलीही येतात हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आणि ते सगळं अजून चालू आहे याचा तर पत्ताच नव्हता. १९८८ साली फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ही पद्धत तयार केली. बाकी कितीतरी चॅटची दुकानं मध्ये उघडून बंद झाली, हे आपलं चालूच.

शनिवार, १४ जून २०२५. पाऊस जोरात. पहिली चूक त्याच दिवशी केली. ब्राउझरमध्येच आयआरसी उघडणारं एक पान मिळालं, टोपणनाव टाकलं, चॅनेलमध्ये गेले. वाटलं, झालं की! चॅनेलच्या मथळ्यात लिहिलं होतं तसं बॉटला यादी मागितली, यादीही आली. फाइल मागितली तर काहीच घडेना. तासभर तेच बटण दाबत बसले. कारण नंतर समजलं. गप्पा सर्व्हरमधून जातात, पण फाइल सर्व्हरमधून जात नाही. ती एका संगणकातून थेट दुसऱ्यात जाते. त्याला डीसीसी म्हणतात, आणि तशी थेट जोडणी ब्राउझरच्या पानाला करता येत नाही. गप्पांपुरतं ब्राउझर ठीक, फाइलसाठी संगणकावर प्रोग्रॅम बसवावाच लागतो.

मी एमआयआरसीच घेतलं, जुनी ओळख म्हणून. १९९५ पासूनचं आहे. तीस दिवस फुकट वापरता येतं, पुढं परवान्याचे २० डॉलर. त्याच कामाचं हेक्सचॅट पूर्ण फुकट आहे, पण त्याची शेवटची आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि करणाऱ्यांनी काम थांबवलं. चालतं मात्र ते अजून.

बसवताना विचारतात ते टोपणनाव, एक पर्यायी टोपणनाव आणि 'खरं नाव'. त्या खऱ्या नावाच्या चौकटीत खरं नाव लिहू नका, ते कुणालाही दिसतं. मी तिथं एक टिंब टाकलं. सर्व्हरच्या पत्त्यापुढं पोर्टचा आकडा असतो. ६६६७ हा जुना, उघडा. ६६९७ वर गप्पा कुलूपबंद जातात. तोच घ्या.

घेतला. आणि सर्व्हरनं दारातूनच हाकललं. तुमच्या आयपी पत्त्यावर, म्हणजे इंटरनेटवरच्या घरपत्त्यावर, बंदी आहे, म्हणे.

या प्रोग्रॅमनं तर मी अजून आत पायही टाकला नव्हता! त्या रात्री मला खरंच वाईट वाटलं, हसू नका. भाच्याला फोन केला. त्यानं राउटरचं पान उघडायला लावलं आणि बाहेरच्या बाजूचा पत्ता वाचायला सांगितला. तो १०० नं सुरू होत होता. "मग बरोबर आहे मावशी, तुझ्या ब्रॉडबँडवाल्यानं बऱ्याच घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता दिलाय. त्यातल्या कुणीतरी कधीतरी उद्योग केलेत, शिक्षा सगळ्यांना." १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला आकडा दिसला तर समजायचं, आपण चाळीत राहतोय आणि नळ सामाईक आहे. आमच्या ब्रॉडबँडवाल्याला स्वतंत्र पत्ता मागितला. महिना २०० जास्त आणि अर्ज, आधारची प्रत, आठ दिवस. मी नको म्हटलं. राउटर बंद करून दहा मिनिटांनी चालू केला, पत्ता तोच. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून मात्र पहिल्याच फटक्यात आत गेले. तिथं टोपणनावाची नोंदणी केली. निकसर्व्ह नावाची सेवा असते, तिला पासवर्ड आणि ईमेल द्यायचा. चॅनेलच्या एका चालकाला अडचण कळवल्यावर चार दिवसांनी माझ्या घरच्या जोडणीलाही सूट मिळाली. नोंदणी आधी झाली होती म्हणूनच मिळाली, असं तो म्हणाला. हे सगळीकडं सारखं नसतं. ईएफनेटसारख्या जुन्या नेटवर्कवर निकसर्व्हच नाही.

आता चॅनेलची गंमत. यादीत शंभरावर नावं दिसतात आणि कुणी बोलत नाही. मी 'कुणी आहे का?' असं विचारलं, दहा मिनिटं वाट बघितली, निघून आले. तीन दिवस हाच क्रम. चौथ्या दिवशी खिडकी उघडी ठेवून झोपले आणि सकाळी बघते तर रात्री अडीचला कुणीतरी लिहिलेलं, "तू विचारतेस आणि उत्तर यायच्या आत पळतेस." ती माणसं पार दुसऱ्या टोकाच्या वेळेवर जगतात. सगळे जोडलेले असतात, समोर बसलेले नसतात. 'आहे का कुणी' विचारत बसू नये. प्रश्न एका दमात पूर्ण लिहावा, मॉडेल, विंडोजची आवृत्ती, काय करून बघितलं ते, आणि खिडकी उघडी ठेवून भाकऱ्या करायला जावं. मी तसं केलं. संध्याकाळी उत्तर होतं. बॉटकडं पॅक ४१ म्हणजे ड्रायव्हर, पॅक ४२ म्हणजे अख्ख्या सीडीची प्रतिमा, एकाच फाइलीत बांधलेली हुबेहूब नक्कल.

इथं बॉट म्हणजे काय ते सांगते, कारण मला वाटलं होतं त्याच्याशी गप्पा मारता येतील. तो वखारीचा कारकून आहे. त्याच्याकडं क्रमांक घातलेली गाठोडी असतात, त्यांना पॅक म्हणायचं. आपण ठरावीक शब्दांत मागायचं, त्यानं द्यायचं. या देण्या-घेण्याला एक्सडीसीसी म्हणतात. आज्ञा अशी: तिरकी रेघ, तिला चिकटून एमएसजी, मग बॉटचं नाव, मग एक्सडीसीसी सेंड, मग हॅशचं चिन्ह आणि पॅकचा आकडा. टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं. 'सेंड'च्या जागी 'लिस्ट' लिहिलं तर यादी येते, 'रिमूव्ह' लिहिलं तर रांगेतून आपलं नाव निघतं. तिरकी रेघ विसरलात तर ती ओळ सगळ्या चॅनेलला दिसते. मी दोनदा विसरले. कुणी काही बोललं नाही, एकानं फक्त हसरा चेहरा टाकला.

२१ जूनच्या रात्री पॅक ४१ मागितला. उत्तर आलं, सगळ्या जागा भरल्या आहेत, तुम्ही रांगेत चौथ्या. एका वेळी दोघांनाच द्यायचं असं त्या बॉटला सांगून ठेवलेलं. रांगेत असताना चॅनेल सोडला की नंबर गेला. मी लॅपटॉपची झोपायची सोय बंद केली, त्यावर चिठ्ठी चिकटवली, 'हात लावू नये', आणि पडले.

पहाटे सव्वाचारला माझा नंबर आला होता, आणि फाइल नाकारली गेली होती. नाकारली माझ्याच सर्व्हरनं. फाइलीचं शेपूट ईएक्सई होतं, म्हणजे दाबलं की चालणारी. आयआरसीवरून असल्या फाइलींतून पूर्वी भरपूर व्हायरस पसरले, म्हणून काही नेटवर्कवर सर्व्हरच त्या अडवतो. त्याला आपण सांगावं लागतं की या माणसाकडून येऊ दे. आज्ञा डीसीसीअलाऊ, मग अधिकचं चिन्ह आणि बॉटचं नाव. ते केलं. पुन्हा रांग. या वेळी दुसरा नंबर, अर्ध्या तासात आला, आणि आता एमआयआरसीनंच फाइल नाकारली! त्याचीही स्वतःची यादी असते, कुठल्या शेपटाच्या फाइली घ्यायच्या आणि कुठल्या नाही. डीसीसीच्या पर्यायांत जाऊन ती तेवढ्यापुरती बंद करता येते, काही मिनिटांनी आपोआप परत चालू होते. कायमची बंद करू नका. हा वैताग आहे, पण दोन्ही पहारेकरी शहाणे आहेत असं माझं मत झालं. कारण त्याच आठवड्यात एका अनोळखी नावानं मला न मागता एक फाइल पाठवली होती आणि ती याच यादीनं अडवली.

तिसऱ्या खेपेला ६ एमबीचा ड्रायव्हर पंधरा सेकंदांत उतरला. आठ दिवसांची धडपड, पंधरा सेकंद.

उघडायच्या आधी दोन गोष्टी केल्या. व्हायरसटोटल या फाइली तपासणाऱ्या संकेतस्थळावर टाकून तपासली. आणि चालकाला त्या फाइलीचा हॅश विचारला. फाइलीच्या अंगठ्याचा ठसाच तो. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तरी बदलतो. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची सोय आधीपासूनच असते, तिनं आपल्याकडचा ठसा काढायचा आणि जुळवायचा. जुळला.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते. एक्सडीसीसीची ख्याती मुख्यतः चोरीच्या सिनेमांसाठी आणि सॉफ्टवेअरसाठी आहे, आणि शोधायला गेलात की पहिलं तेच समोर येतं. मी त्या गल्लीत गेले नाही. शिवाय डीसीसीत समोरच्याला आपला आयपी पत्ता कळतो आणि फाइल साधी, कुलुपाविना येते, सर्व्हरशी जोडणी ६६९७ वरून असली तरीही. ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्याकडून काही घेऊ नये. आणि 'ही ओळ टाइप कर, गंमत बघ' असं कुणी सांगितलं तर ती ओळ टाइप करू नये. ती गंमत त्याची असते.

पॅक ४२ हा ३१० एमबीचा होता, आणि देणाऱ्याची जोडणी त्या दिवशी अगदी मंद. ५ जुलैला सुरू केला. दुसऱ्या दिवशी आषाढी, साबुदाणा भिजत घातलेला, आणि ६१ टक्क्यांवर लाइट गेली. राउटर बंद, सगळं बंद. मी डोक्याला हात लावला. लाइट आल्यावर पुन्हा मागितला तर एमआयआरसीनं विचारलं, या नावाची अर्धी फाइल आहे, पुढं चालू करू का? 'रिझ्यूम' म्हणायचं. 'ओव्हरराइट' म्हटलं की पहिल्यापासून. जिथं तुटलं तिथून सुरू झालं आणि वडा-आमटीच्या दिवशी, म्हणजे द्वादशीच्या दुपारी, पूर्ण झालं.

जुन्या संगणकापर्यंत ते न्यायचं कसं? विंडोज ९८ पेनड्राइव्ह ओळखत नाही, त्यालाही वेगळा ड्रायव्हर लागतो. म्हणून सीडी. कोऱ्या सीडी तीन दुकानांत विचारल्या. पहिल्यानं माझ्याकडं मी कंदील मागितल्यासारखं बघितलं. चौथ्याकडं, लक्ष्मीपुरीत, मिळाल्या, २५ रुपयांना एक. पाच घेतल्या. सगळ्यात कमी वेगानं लिहिलेली सीडीच त्या जुन्या ड्राइव्हनं वाचली, आधीच्या दोन त्यानं थुंकून दिल्या.

ड्रायव्हर बसला. स्कॅनर सापडत नाही असा निरोप. दोन रविवार त्यात गेले. चॅनेलवर विचारलं तेव्हा पहिलाच उलटा प्रश्न आला, संगणकाचं घड्याळ बरोबर आहे का? बघितलं तर १ जानेवारी दाखवत होतं. आतला गोल सेल संपलेला. तो संपला की बायोसमधल्या, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधल्या, सगळ्या नेमणुका विसरल्या जातात, त्यात प्रिंटर पोर्टची पद्धतही. सीआर२०३२ सेल, ४० रुपये. बायोसमध्ये जाऊन पोर्ट ईपीपी नावाच्या पद्धतीवर टाकलं आणि त्या दिव्याच्या डब्यानं दोन वर्षांच्या बाळासारखा आवाज काढला. आण्णा आतून आले. "हाच! हाच आवाज."

पहिली निगेटिव्ह खासबागेतली. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेलं मैदान, आणि आण्णांनी ऐंशीच्या दशकात तिथं प्रेक्षकांत बसून काढलेले फोटो. एका फ्रेमला चार मिनिटं लागतात. चित्र वरून खाली, एकेक पट्टी उमटतं. आधी माणसांनी भरलेला वरचा कठडा दिसला, मग पंचांचा फेटा, मग दोन पाठी. आण्णांनी खुर्ची ओढली. "खालचा उठणार हाय बघ आता," म्हणाले. ते मला फोटो दाखवत नव्हते, कुस्ती बघत होते.

मग मला वाटलं, चॅनेलला काहीतरी परत द्यावं. त्या स्कॅनरचं छापील माहितीपुस्तक आमच्याकडं होतं, निगेटिव्हच्या डब्यात दुमडून ठेवलेलं, ८८ पानांचं. बॉटच्या यादीत ते नव्हतं. त्याच स्कॅनरवर पानं स्कॅन केली, पीडीएफ केली आणि चालकाला पाठवायला गेले. जाईना. घेताना आलेलं, देताना का नाही?

साध्या डीसीसीत देणारा आपलं दार उघडून बसतो आणि घेणाऱ्यानं तिथं जायचं असतं. गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हैस उभी असते, आपण तांब्या घेऊन जायचं, तसंच. मी घेणारी होते तोवर सामाईक पत्त्याचा त्रास नव्हता. मी म्हैस झाले आणि लोकांना कट्टाच सापडेना. चालकानं माझ्याकडून गेलेला पत्ता वाचून दाखवला: ३२३२२३५७८६. डीसीसी आयपी पत्त्याचे चारही आकडे गुंफून असा एक लांबलचक आकडा करून पाठवतं. उलगडला तर १९२.१६८.१.१० निघाला, म्हणजे माझ्या घरातल्या घरातला पत्ता. अमक्या तालमीजवळ असं सांगायचं सोडून मी त्याला 'मधल्या खोलीत, कपाटाशेजारी' असं सांगत होते. आणि बाहेरचा पत्ता दिला असता तरी तो सगळ्या चाळीचा.

यावर तोड म्हणजे पॅसिव्ह डीसीसी. यात दार घेणारा उघडतो आणि देणारा तिथं नेऊन घालतो. म्हैस दारात आणून दूध काढून द्यायचे तशी जुनी पद्धत. चालकाकडं स्वतःचा स्वतंत्र पत्ता होता, त्यामुळं जमलं. दोघांचाही पत्ता सामाईक असता तर हेही चाललं नसतं. मग ब्रॉडबँडवाल्याचे ते २०० रुपये आणि आधारची प्रत आलीच.

तीस दिवस कधीच उलटून गेले होते. एमआयआरसीचे २० डॉलर गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, २६ ऑगस्टला भरले. आण्णांना पावती दाखवली तर म्हणाले, लॅबवाल्याचे सहासष्ट हजार वाचवून दिलेस, आता हे हिशोबात कशाला सांगतेस. आतापर्यंत तीन डबे झालेत, अकरा राहिलेत.

आमचं माहितीपुस्तक बॉटच्या यादीत पॅक ५७ म्हणून लागलं. यादीत प्रत्येक पॅकपुढं तो किती वेळा नेला गेला तो आकडा असतो. तीन आठवडे तिथं शून्य होतं. काल रात्री यादी मागवली तर १ दिसला.